पाण्याच्या दिवसाची प्रार्थना

याकोबमामा प्रार्थनेला उभे राहिले की आमच्या चर्चमधली निम्मी माणसं डोळे मिटायची आणि उरलेली निम्मी धास्तीने एक डोळा उघडा ठेवायची. कारण मामा देवाला काहीच मोघम सांगत नसत. "प्रभू, शुक्रवार पेठेत पिठाच्या गिरणीमागं जी सुमनबाई राहती, तिच्या गुडघ्याला आराम दे. दुसरी सुमन न्हाय, ती धडधाकट हाय. ही ती, जिचं सुनंशी पटत न्हाय." सुमनबाई तिसऱ्या बाकावर आणि सून चौथ्या. देवाला किती कळायचं ते देव जाणे, पेठेला मात्र सगळं कळायचं.

मामांना जाऊन आता वर्ष होईल. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात काढली. यंत्रमागांच्या खडखडाटात बोलून बोलून हळू बोलायचं असतं हेच ते विसरून गेले होते. त्यांची कुजबुज गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायची. ते माझे सख्खे मामा नव्हेत. भिंतीला भिंत लागून घर, म्हणून मामा.

दहावीत मी गणितात गटांगळी खाल्ली, तेव्हा वडिलांनी घरी आलेल्या पाहुण्यांना "पोरगी पास झाली" असं ठोकून दिलं होतं. मामा आले, चहा प्याले आणि आमच्या रिवाजाप्रमाणे निघताना प्रार्थनेला उभे राहिले. "प्रभू, ही पोर गणितात नापास झाली हाय. पस्तीस लागत्यात, हिला एकोणीस पडले. हिच्या बापाला पाव्हण्यांसमोर खोटं बोलावं लागलं, त्याची बी क्षमा कर." त्या दिवशी आमेन एकट्या मामांनीच म्हटलं. पुढे मी शिक्षिका झाले, तीही गणिताची. याचं श्रेय मामा त्याच प्रार्थनेला द्यायचे.

आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, एकदा त्यांना जरा आटोपतं घ्यायला सुचवलं. मामा म्हणाले, "साहेब, डाक्टरकडं जाऊन तुमी नुसतं 'दुखतंय' म्हणून घरी येता व्हय? कुटं दुखतंय ते सांगाय नको?" प्रार्थना काही आखूड झाली नाही. बायका रविवारचा स्वयंपाक आधीच उरकून यायला लागल्या.

मामांना आवर घालणारं एकच माणूस होतं, करुणामामी. नाव करुणा असलं तरी जिभेवर तिचा मागमूस नव्हता. तीनेक वर्षांपूर्वी मामींच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि इंग्रजी रिपोर्ट घेऊन दोघं माझ्याकडे आली. मी वाचला, पुन्हा वाचला, आणि सांगावंच लागलं. कर्करोग होता आणि तो पसरला होता. मामींनी पदर सारखा केला आणि त्या नवऱ्याकडे वळल्या. "हे चर्चमधी वाजवायचं न्हाय. तुमी प्रार्थना केली की सगळी पेठ डबे घेऊन दारात येती आन् माझ्याकडं बघून चुकचुकती. मरायच्या आदी मला मेल्यागत करू नगा. देवाला काय सांगायचं ते गुपचूप सांगा."

"व्हय," मामा म्हणाले. गुपचूप हा शब्द त्यांनी जन्मात पहिल्यांदाच ऐकला असावा.

तिथून मामांचे हाल सुरू झाले. रविवारी ते उभे राहायचे. कुणाची शेळी हरवलेली, कुणाच्या जावयाला दारू सुटत नाही, कुणाचा मुलाखतीचा कॉल येत नाही, सगळं खणखणीत आवाजात देवापुढे मांडायचे आणि मग अडायचे. शेवटी "आमेन" म्हणून मटकन खाली बसायचे. औषधांनी मामींचे केस गेले, तेव्हा मामी डोक्याला स्कार्फ बांधून "ऊन लई हाय" म्हणू लागल्या. सोलापूरच्या उन्हावर कोण शंका घेणार? पण मामी वाळत चालल्या होत्या आणि ते लपत नव्हतं. चर्चच्या कमिटीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "जगाच्या शेळीसाठी प्रार्थना करतात, आणि आजारी बायकोचं नाव तोंडात नाही. म्हाताऱ्याचा विश्वास उडाला वाटतं."

माझा संताप झाला. पण मीही गुपितात सामील होते, बोलणार काय? मामांना मात्र सांगितलं.

"म्हणू दे की," मामा म्हणाले. "शब्द दिलाय तिला. पण पोरी, लई जड जातंय बघ. समद्यांचं सांगतो आन् घरचंच सांगता येईना. देवाला वाटंल, याकोबाची बायको बरी दिसती."

एका दुपारी मी मामींसाठी आंबील घेऊन गेले. पाण्याचा दिवस होता. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, आणि आला की पेठेतली प्रत्येक बाई बादल्या, पातेली, वेळ पडली तर चहाचे कपसुद्धा भरून ठेवते. मामींच्या घरात न्हाणीचं दार बंद, आत नळ धो धो सोडलेला, आणि त्याच्याही वर मामांचा आवाज.

"प्रभू, करुणाला झोप न्हाय. मला झोप लागली असं समजून ती तोंडात पदर धरून कण्हती. तिला बरं कर. ते न्हाईच जमलं तर दुखणं तरी कमी कर. आन् माझा हात तुझ्या हातातनं सुटू दिऊ नको, मला लई भ्या वाटतंय."

नळाच्या आवाजात बायकोला ऐकू जात नाही, अशी मामांची भाबडी समजूत. म्हणून हा माणूस घरच्या दुखण्यासाठी पाण्याच्या दिवसाची वाट बघायचा. मामी खाटेवर पडून छताकडे बघत सगळं ऐकत होत्या.

"मामी, पिंप भरून वाहतंय," मी हळूच म्हणाले.

"वाहू दे." पाण्याचा तांब्या लवंडला तर गल्ली डोक्यावर घेणारी ही बाई. "बोलू दे त्येंना. झालं की मग वरडते."

आतून आमेन ऐकू आलं आणि मामी कडाडल्या, "अवं, नळ बंद करा की. पाणी काय फुकट येतंय?"

मामी उन्हाळ्याच्या तोंडाला गेल्या. मामांनी जे मागितलं ते त्यांना मिळालं नाही, हे मला इथे गोड करून सांगता येणार नाही. दफनभूमीत पाळकसाहेब म्हणाले, "मामा, तुम्ही बसा, शेवटची प्रार्थना मी करतो." पण मामा उभे राहिले. आता शब्द पाळायचं कारण उरलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. कर्करोग, स्कार्फ, पदर तोंडात धरून काढलेल्या रात्री. कमिटीतले ते गृहस्थ स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

"प्रभू, आता ती तुझ्याकडं आली हाय," मामा म्हणाले. "तिचा स्वभाव तुला कळंलच. माझ्याविषयी ती लई काय काय सांगंल. त्यातलं निम्मं खरं हाय."

दफनभूमीत माणसं हसली. मी हसले आणि हसता हसता मला रडू आवरेना. मामांनी मातीच्या ढिगाकडे एकदा बघितलं. मग कारखान्यातल्या त्याच आवाजात, अख्ख्या मंडळीसमोर म्हणाले,

"प्रभू, मला तुझा राग आलाय. तुझ्यापासनं काय लपवायचं? पण रुसून बसलो तर बोलू कुणाशी? ती बी न्हाय आता. रविवारी येतो. आमेन."