पाच वर्षांचा अध्यक्ष

तुळजाजी सरांनी शाळेत तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या इमारतीत नको झालेल्या सेक्रेटरीला कमिटी कधीही हटवू शकत असे. पण २००६ साली रोजच्या भांडणांना कंटाळून रहिवाशांनी थेट पाच वर्षांसाठी अध्यक्ष निवडला, तुळजाजींचाच जुना विद्यार्थी रणवीर.

"अविश्वास ठराव आला की पंतप्रधान उद्या पडू शकतो, अमेरिकेसारखा अध्यक्ष मुदतभर बसतो," तुळजाजींनी बजावलं होतं. कोणी ऐकलं नाही.

वर्षभरात रणवीरने तळमजल्यावरचं त्यांचं वाचनालय स्वतःच्या गाडीसाठी रिकामं करायला सांगितलं. त्याला हटवण्याच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या घेऊन तुळजाजी त्याच्याकडे गेले.

"सर, नुसता विश्वास उडाला म्हणून अध्यक्ष जात नाही. तुम्हीच शिकवलंत," रणवीर नम्रपणे म्हणाला.

तुळजाजींनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. दुपारभर ते एकटेच पुस्तकं चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरी वाहत राहिले. सह्या करणाऱ्यांपैकी एकानेही दार उघडलं नाही.