वाकलेली मान

आमच्या मंडळाचा कबड्डीचा संघ सारखा हरतोय, म्हणून कोच ठेवायचा की बदलायचा, हे आम्हा जुन्या खेळाडूंवर सोपवलं होतं. काल सामन्याआधी मैदानाच्या कठड्यावर आम्ही बसलो.

"कोचच ढिला आहे," शंकर म्हणाला.

"अरे, पोरांच्या पोटऱ्या बघ, बगळ्यासारख्या. त्याला कोच काय करणार?" दत्तू म्हणाला.

मी ठासून सांगितलं, "काढा त्याला." माझ्यापुढे मग कोणी बोललं नाही. मला ते बरं वाटलं.

एवढ्यात रिवाजाप्रमाणे कोच पोरांना घेऊन आला आणि सगळ्यात आधी माझ्याच पायांवर वाकला. "आबा, आशीर्वाद असू द्या."

वाकलेल्या माणसाची मान फार उघडी असते. उन्हानं रापलेली, मैदानाची माती चिकटलेली. जन्मभर लोक पाया पडले, ते मी माझं मोठेपण समजत आलो. पण वाकणारा स्वतःची मान समोरच्याच्या भरवशावर सोडतो, हे दोन इयत्ता शिकलेल्या मला कधी सुचलंच नाही. ज्या तोंडानं काढा म्हणालो, त्याच तोंडानं यश येवो कसं म्हणू?

तो वाकूनच थांबला होता. मी पाय मागे ओढून घेतले. शब्द मागे घ्यायला मात्र तोंड उघडेना.