सुमित्राकाकूचा कायदा

सुमित्राकाकूच्या खांद्यावर कोणी शाल टाकली की ती आधी तिची नीट घडी घालायची. चारही कोपरे जुळवून, मांडीवर दाबून. मग उठायची, ज्याने शाल टाकली त्याच्याच हातात ती परत द्यायची आणि समोर माइक असो की नसो, विचारायची, "भाऊ, शाल तुमची तुमाले. कायदा कवा करता ते सांगा."

नारळ मात्र ती ठेवून घ्यायची. "गोपालले चटणी आवडते," म्हणायची.

सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, गणपती मंडळ, शाळेचं स्नेहसंमेलन, कुठेही तिला 'वीरमाता' म्हणून बोलावलं की हे ठरलेलं होतं. पाहुणे ओशाळून हसायचे, मुख्याध्यापक घाईघाईने आभार मानायला उठायचे. तरी लोक तिला बोलवत राहिले. सत्कार करायची आमच्या गावाला इतकी सवय झाली आहे, की समोरच्या माणसाला काय हवं आहे हे विचारायचं त्याला सुचत नाही.

आमचं गाव शेलूबाजारहून पायी जाण्याइतकं जवळ. काकूच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. माझे वडील चळवळीतले. वीजबिल, हमीभाव, रोजगार हमी अशा विषयांच्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या घरात धान्याच्या पोत्यांशेजारी रचलेले असत. मागणी खरी असेल आणि ती ठळक अक्षरांत छापली तर कोणाला ना कोणाला उत्तर द्यावंच लागतं, असं मी लहानपणापासून मानत आलो. सुमित्राकाकूच्या ओसरीवर बसून बसून माझा तो समज गेला.

गोपाल तिचा धाकटा. वडील तो शाळेत असतानाच वारले. थोरली रेखा धनजला दिली. घरच्या थोड्या कोरडवाहूवर काकूने दोन्ही लेकरं वाढवली. गोपाल अग्निवीर म्हणून लागला तेव्हा सगळ्या गावाने गुलाल उधळला. काकूने फक्त एक प्रश्न विचारला होता, "चार वर्सानं वापस आला त मंग काय म्हनतीन त्याले? फौजी का माजी फौजी?" आम्ही हसलो. पोराचं पहिलं पाऊल पडायच्या आत हिला परतीचं सुचतं, असं आम्हाला वाटलं.

सोयाबीनच्या हंगामात तो सुट्टीवर आला होता. सुट्टी संपली त्या दिवशी सकाळी तो काकूच्या पाया पडला, पाठीवर बॅग टाकली आणि शेलूबाजारला जीप पकडायला पायी निघाला. वाटेत सरपंचांच्या वावरात मळणी चालू होती. आमच्याकडे मळणीयंत्राला हडंबा म्हणतात. तांड्यावरची सविता त्यात पेंढ्या टाकत होती. तिचा दुपट्टा पट्ट्यात गेला आणि ती हातासकट आत ओढली जाऊ लागली. गोपाल रस्त्यावरून धावत गेला, वर चढला आणि दुपट्टा फाडून तिला मोकळं केलं. तिला बाहेर ढकलताना स्वतः मात्र मागच्या मागे दगडांच्या ढिगावर पडला. पाठीचा कणा मोडला. कमरेखालचं अंग गेलं ते कायमचं.

पुढे जे झालं ते आमचंच गाव करू जाणे. गोपाल अजून सैन्याच्या दवाखान्यात होता, आणि इकडे फाट्यावर दोन मजली फ्लेक्स लागला. 'सुट्टीवर आलेल्या आमच्या वीर जवानाने शेतात राबताना वाचवला भगिनीचा जीव'. खाली सरपंचांसह सगळ्यांचे फोटो. नियम असा आहे, की सुट्टी संपवून युनिटकडे निघालेला जवान कर्तव्यावर आहे असं धरतात. सुट्टीत घरचं काम करताना इजा झाली तर ती त्याची स्वतःची. हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. सैन्याकडून चौकशीला माणसं आली तेव्हा सरपंच अभिमानाने म्हणाले, "सकायपासून मळणीवर व्हता साहेब. लय मेहनती पोरगं." पोलीस पाटलांनी आणखी पुढे जाऊन आदल्या दिवसापासून होता म्हणून सांगितलं. आपला जवान वर्दी उतरवून मातीत राबतो, हे साहेबाला सांगताना प्रत्येकाची छाती फुगली होती. पाठीवरच्या बॅगेविषयी कोणीच बोललं नाही. बॅगेत काय कौतुक?

ही इजा सेवेत झालेली नाही, असा निकाल लागला. उपचार झाले ते झाले. मग गोपालला नोकरीतून मोकळं केलं. जन्माचे उपचार नाहीत, सांभाळायला माणूस नाही, माजी सैनिक हा शब्दही नाही. तेव्हा सरपंच काकूच्या ओसरीवर आले, डोकं धरून बसले. म्हणाले, "काकू, आमी आता जाऊन सांगतो ना का तो ड्युटीवर निंगाला व्हता. सारं गाव सही करन."

काकू चूल फुंकत होती. तिने मान वर केली नाही. "पयले खोटं सांगतलं थे खरं झालं. आता खरं सांगसान त थे खोटं दिसन. ऱ्हाऊ द्या." मग चुलीत काटकी सारत म्हणाली, "तुमी माह्या पोराले इतलं मोठं केलं सरपंच, का तो आता कायद्यात मावून नाई राह्यला."

सरपंच रडले. काकूने त्यांना चहा दिला. तरी आम्ही सह्या गोळा करून पाठवल्या. तिने सांगितलं होतं तेच झालं.

कायद्याचा विचार तिच्या डोक्यात तिथून सुरू झाला. ती म्हणायची, "मी माह्या गोपालसाठी सूट नाई मांगत. नेम बदला म्हनतो. फौजी सुट्टीवर असो का ड्युटीवर, चार वर्साचा असो का पंधरा वर्साचा, त्याचं अंग मोडलं त देशानं सांभायलं पायजे. सुट्टी देली म्हून त्याचं अंग का माह्यं झालं?"

एकदा कोणीतरी सविताला काकूसमोरच बोललं, "तुह्या पायी झालं पोराचं वाटोळं." काकू ताडकन उठली. "तिचा हात वाचला का नाई? मंग कायचं वाटोळं? चाल वं सविता, पानी भरू लाग." सविता त्या दिवसापासून रोज येऊ लागली.

मी पत्रक लिहिलं. जीव ओतून लिहिलं. राज्यकर्त्यांचा ढोंगी राष्ट्रवाद, शोषितांच्या पोरांचं रक्त, सगळं होतं त्यात. काकूला वाचून दाखवलं. ती गोपालचे पाय चोळत ऐकत होती.

"झालं?"

"झालं काकू."

"हे कोनाले समजन रे बाप्पा? मी त अर्ध्यातच पेंगली. गोपाल, तुले समजलं का?"

गोपाल हसत म्हणाला, "दादा कोनाले तरी लय शिव्या देऊन राह्यला, इतलं समजलं."

मग तिने सांगितलं तसं लिहिलं. पाच-सहा ओळी. मंगरूळपीरच्या बसस्टँडवर, बाजारात, तहसीलसमोर आम्ही ते वाटलं. लोक वाचायचे, हळहळायचे आणि खिशातून हात काढायचे. काकू हात मागे सारायची. "भीक नोको दादा, मत मांगाले येतीन त्याहीले विचारा." तिला गावाचा चांगुलपणा कळत नव्हता असं नाही. रोज कोणी ना कोणी ताक, भाजी, तूप आणून देत होतं. ती घेत होती. पण मला एकदा म्हणाली, "हे सारे चांगले हायेत म्हून माह्यं पोरगं जगून राह्यलं. कोनाच्या चांगलेपनावर फौजीनं कायले जगाव?"

विधानसभेच्या निवडणुकीत एक उमेदवार तिच्या घरी आला. सोबत गर्दी, गळ्यात पंचा, हात जोडलेले. काकू म्हणाली, "बसू नोका. अंदर चाला. याची कूस बदलाची हाये, हात लावा." तो गांगरला. सगळे बघत होते म्हणून आत गेला. काकूने त्याला पायाकडून धरायला लावलं. "जोर लावा भाऊ. मरत नाई थो." त्या माणसाने गोपालला वळवलं, पडून पडून झालेली पाठीवरची जखम पाहिली आणि बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे खरोखर ओले होते. मी शेजारी होतो, ते नाटक नव्हतं. सर्वांसमोर म्हणाला, "आई, निवडून आलो की पहिला विषय हाच मांडतो."

तो निवडून आला. मी आणि काकू वाशिमला त्याच्याकडे चकरा मारू लागलो. आधी तो भेटायचा, मग त्याची माणसं भेटायची. शेवटी उत्तर मिळालं, की सैन्य हा केंद्राचा विषय आहे. आम्ही खासदारांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबाने पंखा आमच्याकडे वळवला, पाणी दिलं, फार आदराने बोलला. धोरणात्मक बाब आहे, म्हणाला. राज्याकडून शिफारस आली तर बळ मिळेल. आम्ही पुन्हा राज्याकडे. कोणीही आम्हाला हाकललं नाही. कोणी अपमान केला नाही. शिवी दिली असती तर मला भांडता आलं असतं.

परतताना एसटीत काकूने तिकिटाची बारीक घडी घातली. मग म्हणाली, "थ्या उमेदवाराचे डोये खरंच भरले व्हते ना रे?"

"हो काकू."

"मंग कसं काय?"

 

गोपाल उंचापुरा. त्याला उचलणं, वळवणं, न्हाऊ घालणं, सगळं ती एकटी करायची. सविता किंवा मी असलो तर मदतीला. त्यात तिला हर्निया झाला. वाशिमच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि बजावलं, की आता वजन उचलायचं नाही. घरी येऊन ती गोपालला ऐकवत होती, "डाक्टर म्हनते वजन नोको उचलू. तू वजन हायेस का रे?" दोघं मायलेक हसले. ऑपरेशन केलं तर काही महिने त्याला कोण उचलेल, यावर ती अडली. रेखा आपल्या सासरी अडकलेली. सैनिकाला जन्मभर सांभाळायला माणूस मिळाला पाहिजे, ही आमच्या पत्रकातली दुसरी ओळ होती. ती ओळ कागदावरच होती आणि काकू उचलत राहिली.

श्रावणात एका दुपारी आतडं अडकलं. आम्ही जीपने अकोल्याला निघालो. माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं. तिला फार दुखत होतं, तरी बोलली. "तू चांगलं लिहतं रे बाबू. पन तुह्या लिहन्यानं त्याची कूस नाई बदलत." मला बोचावं म्हणून ती हे म्हणाली नव्हती. ती हिशेब लावत होती, की आपल्यामागे त्याला कोण वळवेल. अकोला यायच्या आधीच ती गेली.

तेराव्याला आमदार आले, खासदारांचा शोकसंदेश आला. गावाने मात्र मनापासून केलं. देवळात बैठक झाली, पाळ्या ठरल्या. कोणी सकाळी, कोणी दुपारी, कोणी संध्याकाळी. सरपंच स्वतः पहिल्या दिवशी आले, गोपालला आंघोळ घातली. मला वाटलं, चला, सरकारने नाही तर माणसांनी केलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे आज आठवलं की राग येतो.

सोयाबीन पिवळं पडलं आणि गाव वावरात गेलं. पावसाचं भ्या होतं, मजूर मिळत नव्हते, शेंगा तडकत होत्या. दुपारची पाळी संध्याकाळवर गेली, संध्याकाळची दुसऱ्या दिवशीवर. कोणाचंही मन वाईट नव्हतं. सविताचा तांडा तर ऊसतोडीला निघून गेला. ती जाताना गोपालच्या पायांवर डोकं ठेवून रडली. मी शिकवणीच्या नोकरीसाठी मंगरूळपीरला ये-जा करत होतो. सकाळी मी वळवायचो, रात्री आल्यावर पाहायचो तर तो त्याच कुशीवर. पाठीची जखम हाडापर्यंत गेली. वास यायला लागला तेव्हा रेखा आणि तिचा नवरा जीप घेऊन आले.

गादीसकट त्याला उचलताना आम्ही चौघं होतो. त्याने एकदा घराकडे पाहिलं आणि म्हणाला, "नोकरीतून काहाडलं तवा नाई वाटलं दादा. माय गेली तवा मी रिटायर झालो."

आता तो धनजला आहे, बहिणीच्या घरामागच्या खोलीत. तिथेही लोक चांगले आहेत. तिथेही हंगाम येतो. पत्रक मी अजून वाटतो. वाटलं नाही तर काय करायचं, हे मला माहीत नाही.

रविवारी मी त्याला फोन करतो. जखमेबद्दल तो कधी खरं सांगत नाही. तो एकच विचारतो, "झाला का कायदा?"

"नाही रे."

"बरं," तो म्हणतो. पण फोन ठेवत नाही.