मिलिंददादानं उलट फिरवलेली मोजणी

जालन्याच्या दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी टेंभुर्णीत, मिलिंददादाच्याच कॉम्प्युटर क्लासमध्ये होते. दादा गेला हे ऐकलं, फोन ठेवला, अन् परत लावून विचारलं, "नाव नीट बघितलं ना?" थोरल्या भावाच्या सहवासात मलाही शंका घ्यायची सवय लागली होती...

दादा आधी असा नव्हता. गावातल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती परीक्षेची प्रवेशपत्रं तो छापून द्यायचा. त्यासाठी जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत त्यानं लूप, म्हणजे तेच काम फिरून फिरून करणारा हुकूम, लिहिला होता: पहिल्या नावापासून मोजत जायचं, प्रत्येक नावाचं पत्र छापायचं, नावं संपली की थांबायचं. एका वर्षी सलीमचाचांची पोरगी झीनत परीक्षेच्या दारातून परत आली. तिचं पत्र निघालंच नव्हतं. चाचा कापडाचं दुकान तसंच टाकून क्लासवर आले.

"इतक्या पोरांत एकच राह्यली, अन् तीबी माझीच? कोणी सांगितलं तुला तिला गाळायला?"

दादानं हातानं पत्र लिहून झीनतला परीक्षेला बसवलं. चाचा मात्र हलले नाहीत. मग त्यानं त्यांना स्क्रीनपुढं बसवलं. संगणक शून्यापासून मोजतो, म्हणून शेवटच्या नावाचा आकडा एकूण नावांपेक्षा एकानं कमी असतो. तो एक दादानं वजा केला होता, अन् 'त्यापेक्षा कमी' अशी अटही घातली होती. म्हणजे तोच एक दोन वेळा कापला गेला, अन् शेवटचं नाव राहिलं. त्यानं तीन खोटी नावं घालून लूप चालवला. दोनच पत्रं आली.

"बघा चाचा, जो शेवटी, तोच राहतो."

"मंग ती शेवटी कशी?"

"नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं हायेत. तिचं झेडवरून."

"म्हंजे तू जवा चुकशील, तवा माझीच पोरगी जाणार. बराबर?"

चाचांचा संशय पुरता फिटला असं मला कधी वाटलं नाही. दादाला तर स्वतःचाच संशय येऊ लागला. त्यानं अट दुरुस्त केली, शिवाय मोजणीच उलटी केली, शेवटच्या नावापासून पहिल्याकडं. पुढच्या वर्षी झीनतचं पत्र सगळ्यांत आधी निघालं. ते हातात पडेपर्यंत चाचा प्रिंटरजवळ उभे होते. झीनत शिकायला बाहेर गेली, तसं त्यांचं येणं थांबलं.

यंदा छपाई माझ्यावर आली. पत्रं छापायच्या दिवशी चाचा दारात उभे.

"चाचा, झीनतचं शिक्षण तर कवाच झालं. तुम्ही कसे?"

"मिलिंद न्हाई आता. तुझ्यावर एकदम भरोसा कसा ठेवू?"

ते दादाच्या खुर्चीत बसले. झेडची पत्रं निघून गेली, तरी उठले नाहीत. अगदी शेवटी 'ए'वरच्या अमोल साळवेचं पत्र बाहेर आलं. चाचांनी ते उजेडात धरून नाव वाचलं, माझ्या हातात दिलं, अन् मगच चपला घातल्या.