पडदा थंड असला पाहिजे

मामांची एक अट होती आणि चाळीस वर्षांत त्यांनी ती कधी सैल केली नव्हती. जुना मॉनिटर विकत घ्यायचा असेल, तर तो थंड असतानाच पाहायचा. विकणाऱ्याच्या दारात शिरल्यावर ते नमस्कारही नंतर करीत. आधी मॉनिटरच्या मागच्या जाळीवर उजव्या हाताचा तळवा टेकवीत. जाळी कोमट लागली, की माल थकलेला आहे आणि मालक लबाड आहे, असे ते समजत. काचेची पिक्चर ट्यूब म्हातारी झाली, म्हणजे अंगात ऊब आल्याशिवाय तिच्यात उजेड पडत नाही. हे गिऱ्हाइकाला कळू नये, म्हणून मालक ती अर्धा तास आधीच चालू करून ठेवतो.

मामा हे गल्लीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानाचे मालक. सख्खा भाचा त्यांना एकही नव्हता. मामा हे नाव गल्लीनेच दिलेले होते. एके काळी त्या दुकानात अकरा यंत्रे होती आणि शाळा सुटल्यावर पाय ठेवायला जागा नसे. आता एकच यंत्र उरले होते, बंदुकीने उडत्या तबकड्या फोडण्याचे. तेसुद्धा गिऱ्हाइकांसाठी उरले नव्हते. ते उरले होते ताईंसाठी.

ताई म्हणजे मामांची थोरली बहीण, वय बहात्तर, राहायला मामा-मामींकडेच. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. व्यायामाच्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. ताईंनी तो तिसऱ्याच दिवशी खिडकीबाहेर टाकला. "मी काय कुत्रं आहे, चेंडूशी खेळायला?" असे त्यांचे म्हणणे. पुढे एके दुपारी त्या दुकानात येऊन बसल्या आणि सहज ती प्लॅस्टिकची बंदूक हातात घेतली. पहिल्या दिवशी ती मांडीवरून उचललीही जाईना. पण त्या दिवसापासून रोज चार वाजता अर्धा तास ताई तबकड्या फोडू लागल्या. वर्षभरात हात खांद्यापर्यंत चढला. एका सकाळी त्यांनी स्वतःचे केस स्वतः विंचरले आणि मामी पाहत राहिल्या.

तीन आठवड्यांपूर्वी यंत्राचा मॉनिटर बसला. ट्यूबच गेली होती. दुरुस्तीला काही शिल्लक नव्हते. आणि मागच्या आठवड्यात ताईंच्या हातातून कंगवा तीन वेळा पडला. तिसऱ्या वेळी मामींनी तो उचलला आणि न बोलता त्यांचे केस विंचरून दिले. ताईही काही बोलल्या नाहीत. मामांना त्या गप्प बसण्याचाच धसका बसला.

"सपाट पडदा लावून टाका," असे सल्ले येणाऱ्या-जाणाऱ्याने दिले. सल्ला देणाऱ्याचे काय जाते? ट्रिगर दाबताच पडदा क्षणभर पांढरा होतो आणि बंदूक तो उजेड टिपते, अशी त्या खेळाची रचना आहे. सपाट पडद्यावर तो उजेड नेमक्या क्षणी येत नाही, म्हणून बंदूक आंधळी होते. हे मामांनी प्रत्येकाला समजावून सांगितले. दहाव्या माणसानंतर त्यांनी नुसती मान हलवायला सुरुवात केली.

मग शोध सुरू झाला आणि मामांच्या नाकी नऊ आले. पहिल्या मॉनिटरच्या ट्यूबच्या मानेजवळचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडलेला होता, म्हणजे आत हवा शिरलेली. मालक म्हणाला, "पुसला की जाईल." डाग काचेच्या आतून होता. दुसऱ्याचा उजेड लख्ख होता, पण वर्षानुवर्षे एकच खेळ चालल्याने त्यातले आकडे काचेवर कायमचे उमटले होते. मामांनी टॉर्च तिरपी धरून ते वाचून दाखवले आणि उठले. तिसऱ्यासाठी दोन तास प्रवास करून गेले, तर तिथे घरगुती टीव्ही निघाला; यंत्राचा बोर्ड त्याला जोडताच येत नाही. चौथ्याने मागची बाजू उघडूच दिली नाही.

पाचव्या वेळी ताई म्हणाल्या, "चार वेळा गेलास आणि चार वेळा तोंड वाकडं करून आलास. या वेळी मी येते."

"ताई, तिथे बसायला धड खुर्चीही नसेल."

"मी तुझ्याकडे खुर्ची मागितली का?"

यंत्राचा बोर्ड, वायरी आणि बंदूक पिशवीत भरून दोघे निघाले, कारण मॉनिटर चालवून दाखवायची सोय विकणाऱ्याकडे कधीच नसते, असा मामांचा अनुभव होता. जुन्या सामानाचे ते दुकान म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड होती. पंख्यांची पाती, बिनदाराचे फ्रिज आणि मोडक्या शिलाई मशिनी यांच्यामध्ये मॉनिटर टेबलावर ठेवलेला होता. मामांनी जाळीवर हात टेकवला आणि झटकन मागे घेतला.

"आत्ताच जरा लावून बघितला, मामा," दुकानदार म्हणाला.

"आत्ताच? यावर ओले कपडे वाळतील! बंद करा. आम्ही तासभर बसतो."

"तासभर? अहो, लोक गाडीसुद्धा एवढी बघून घेत नाहीत."

"म्हणून तर ढकलत नेतात."

ताई एका उपड्या खोक्यावर बसल्या. दुकानदाराने कपाळाला हात लावला आणि पंख्यांच्या पात्यांकडे वळला. मामांनी तो तास वाया घालवला नाही. ट्यूबच्या मानेजवळचा डाग आरशासारखा चकाकत होता. काचेवर जुन्या खेळाची खूण नव्हती. आतल्या बोर्डावरचे झाळकामाचे टाके कारखान्यातले, मूळचेच होते. मामांच्या मनात आशा उत्पन्न झाली, आणि आशेचा त्यांना रागच आला.

तासाने बोर्ड जोडून मॉनिटर सुरू केला. पडदा काळाच राहिला. दीड मिनिटाने हिरवट धुके दिसले. लाल रंगाचा पत्ता नव्हता. मामा घड्याळाकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा आंबट होत चालला होता.

"संपलेली आहे," ते म्हणाले.

"कोण?" ताईंनी विचारले.

"ट्यूब, ताई. चल, उठ."

"बंदूक दे आधी."

त्यांनी बंदूक उचलली. पूर्वी त्या वीस गोळ्या एका हाताने झाडीत. आज चौथ्याच गोळीला डाव्या हाताचा आधार घ्यावा लागला. मामांनी ते पाहिले. तीन आठवड्यांत हातातले इतके बळ गेले होते. त्या दुसऱ्या मॉनिटरवर फक्त आकड्यांचा डाग होता, उजेड लख्ख होता, हे त्यांना आता आठवले.

गोळ्या वाया जात होत्या. उजेडच पुरेसा नव्हता.

"सोड, ताई. हात दुखेल."

"हात माझा आहे."

सातव्या मिनिटाला लाल रंग भरला, पडदा लखलखला आणि तबकडी फुटली. मग दुसरी. मग तीन वाया, आणि पुन्हा एक.

"बघा!" दुकानदार म्हणाला.

"काय बघा? सात मिनिटं लागली! नाणं टाकून सात मिनिटं कोणतं गिऱ्हाईक थांबेल?"

ताईंनी बंदूक मांडीवर ठेवली. "धाकट्या, शेवटचं गिऱ्हाईक कधी आलं होतं?"

मामांनी आठवून पाहिले. महिने मोजायला बोटे पुरली नाहीत.

"मी येते चार वाजता. तू पावणेचारला लावून ठेव."

"म्हणजे हा जी लबाडी करतो, तीच मी करू?"

"तो लपवून करतो. तू मला सांगून कर."

"अहो, मी कुठे लपवलं?" दुकानदार म्हणाला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिले, तेव्हा तो पुन्हा पात्यांकडे वळला.

"फार तर वर्षभर टिकेल," मामा चिडून म्हणाले. "मग पुन्हा हीच वणवण."

"वर्षभर केस तर विंचरीन. तू नाही म्हणालास, तर उद्याही कंगवा तुझ्या बायकोच्याच हातात."

मामांनी मॉनिटर घेतला. चाळीस वर्षांत जो माल पाहून ते दारातूनच परत फिरले असते, तो गोधडीत गुंडाळून, काच खाली करून, टेम्पोत स्वतः धरून आणला. पुढे बसलेल्या ताई वाटभर चालकाला तबकड्यांचा हिशेब ऐकवत होत्या आणि तो चुकत होता. फुटलेल्या तीन होत्या, त्या नऊ सांगत होत्या.

आता रोज पावणेचारला मामा दुकान उघडतात, यंत्र सुरू करतात आणि अंधाऱ्या पडद्याला दोन शब्द सुनावतात. चारला पाच मिनिटे असताना मागच्या जाळीवर उजव्या हाताचा तळवा टेकवतात. जाळी गरम लागली, की ताईंना हाक मारतात. एखाद्या दिवशी ती नुसती कोमट लागते. मग बाहेर येऊन उभ्या असलेल्या ताईंना ते दारातच थांबवतात आणि सांगतात, "थांब जरा. अजून थंड आहे."