गोलाबाहेरची वहिनी

जो न बोललेलेही ऐकतो, ज्याच्या सभेत आसनावर बसलेला आणि दाराशी थांबलेला असा भेद नाही, त्या कृपाळू परमेश्वराच्या चरणी आधी मस्तक ठेवू आणि मग एका बाइंडरची कथा सांगू. लाजेची कथा त्याच्या साक्षीवाचून सांगू नये.

हा बाइंडर पुस्तके शिवता शिवता म्हातारा झाला. फर्मे, म्हणजे छापील कागदांच्या घड्या, जुळवावेत, दाभणाने भोके पाडावीत, दोरा ओवावा, पाठीला खळ लावावी. आणि खळ वाळेपर्यंत तेच पुस्तक वाचून काढावे. शाळा सातवीत सुटली, वाचन सुटले नाही. दर रविवारी दुपारी त्याच्या दुकानाच्या पुढच्या खोलीत बैठक भरे. एक कंडक्टर, एक परिचारिका, एक निवृत्त शिक्षिका, असे आठ-दहा जण बाकांवर गोल करून बसत आणि राज्यकारभार, इतिहास, चळवळी यांवर बोलत. नेम एकच. बोलणाऱ्याला मध्येच तोडायचे नाही; त्याचे संपले की प्रत्येकाला त्याचे म्हणणे विचारायचे, आणि मगच वहीत लिहायचे, ‘सर्वांना विचारले.’ विचारणारा बाइंडर, लिहिणाराही तोच. अकरा वर्षांत हे वाक्य एकदाही राहिले नाही, याचा त्याला केवढा अभिमान!

मधल्या दारात, गोलाच्या बाहेर, त्याची वहिनी फर्मे दुमडत बसे. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता; वहिनीने आपल्या घासातला घास देऊन त्याला वाढवले. पुढे दादाही गेला आणि घरात दोघेच उरली. तरुणपणी ती सूतगिरणीत कामाला होती, एवढे त्याला ठाऊक होते. त्यापलीकडे त्याने कधी विचारले नव्हते.

त्या रविवारी विषय होता त्याच गिरणीचा जुना संप. त्या संपावरचे नुकतेच बांधलेले पुस्तक मांडीवर घेऊन बाइंडरने रंगून सांगितले, की वेतनासाठी पुरुषांनी सूतकताईची यंत्रे, म्हणजे साचे, थांबवले आणि त्यांच्या हाकेला ओ देऊन बायका मागाहून आल्या. तोच दारातून शांत आवाज आला.

“आधी बायकाच बसल्या होत्या. पुरुष चौथ्या दिवशी आले.”

सगळ्यांच्या माना वळल्या. बाइंडरला ते झोंबले. हसून तो म्हणाला, “वहिनी, आठवणीत जो तो स्वतःला पहिल्या रांगेत बसवतो. पुस्तकात तसं नाही. तुम्ही आपले फर्मे दुमडा.”

कंडक्टरने री ओढली, “काकू, पुढच्या वेळी तिकीट काढून आत या.”

दोघे-तिघे हसले. वहिनीने हातातला कागद नीट दुमडला, त्यावरून पट्टी फिरवली आणि उठून आत गेली. इकडे एकेकाला विचारून गोल पुरा झाला. बाइंडरने वहीत नेहमीचे वाक्य लिहिले. शेजारी बसलेल्या परिचारिकेने ते वाचले आणि हळूच विचारले, “काका, सर्वांना?”

एवढेच. पण त्या एका शब्दाने बाइंडरचे कान तापले. लोक उठून गेले, तरी तो वही उघडी टाकून तसाच बसून राहिला.

संध्याकाळी वहिनीने ताट वाढले. “भाऊजी, तुम्ही जेवून घ्या,” ती म्हणाली. आजवर तिने त्याला ‘तू’च म्हटले होते. त्याने ताट बाजूला सारले, चुकलो म्हणाला आणि तेव्हा काय झाले होते, ते विचारले. वहिनीने ओटा पुसून घेतला आणि ती बोलली.

“बायकांच्या संडासाची किल्ली मुकादमाकडे असायची. दिवसातून एकदाच उघडायचा. पोटुशी असो, आजारी असो. एका नव्या मुलीची सगळ्यांसमोर फजिती झाली, तशा आम्ही साचे सोडून खाली बसलो. तुझा दादाही त्याच गिरणीत होता, संपाचं पत्रक त्यानंच लिहिलं. मी त्याला कारण सांगितलं, तर म्हणाला, असलं छापायचं नसतं, वेतन लिहितो. तेच पुढं पुस्तकात गेलं. तेव्हा त्याला माझी लाज वाटली. आज तुला वाटली.”

ज्या दादाला त्याने देवाच्या जागी मानले, त्याच दादाच्या पावलावर त्याचे पाऊल नेमके पडले होते! आणि तेही चळवळीचे नाव घेता घेता. बाइंडर चारचौघांत बोलला नाही, तर ती कथा वहिनीबरोबरच संपणार होती; आणि बोलला, तर दादाचे नाव जाणार होते.

सहा दिवस त्याने कोणाच्या नजरेला नजर दिली नाही. सातव्या दिवशी बैठक भरली तेव्हा तो उभा राहिला. ‘सर्वांना विचारले’ हे वाक्य अकरा वर्षे खोटे आहे, असे त्याने सांगितले. वेतनाचे पत्रक आपल्या सख्ख्या भावाने लिहिले, खरे कारण झाकून लिहिले, हेही सांगितले. कंडक्टर खाली मान घालून उठला आणि त्याने बाकावरची आपली जागा वहिनीसाठी रिकामी केली. बाइंडर दाराकडे वळला.

“वहिनी, तुमचं काय म्हणणं?”

“मी इथूनच बोलते,” ती म्हणाली. “तिकीट काढलेलं नाही.”

या वेळी कोणी हसले नाही. ती तासभर बोलली. किल्लीचे बोलली, त्या मुलीचे बोलली. बाइंडर लिहीत राहिला, त्याची मान मात्र वर झाली नाही. जुनी ओळ त्याने खोडली नाही. तिच्याखाली आपली चूक लिहिली आणि सही केली.

हे दयाघना, लाजेने वाकलेल्या त्या मानेवर तुझा हात असू दे. त्या माउलीच्या वाणीला बळ दे, गेलेल्या दादाला क्षमा कर, आणि त्या दोन माणसांच्या घरात एकमेकांना विचारणे कधी न थांबो.