हमद टाउनचं मानपत्र

गावातलं कुणी आखातात निघालं की आदल्या दिवशी त्याच्या ओसरीवर अर्धा गाव जमतो. मी बहारीनला निघाले तेव्हा माझी बॅग माझी राहिलीच नाही. कुणाच्या जावयासाठी काजूगर, कुणाच्या भावासाठी गोडा मसाला, आणि एका नवऱ्यासाठी तर मूळव्याधीचं चूर्ण. माझ्या दोन साड्या मला पिशवीत कोंबाव्या लागल्या. सर्वांत शेवटी आल्या पार्वतीकाकी, अनंतच्या आई. हातात जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेली पुरचुंडी होती. आत कुळथाचं पीठ आणि आमसुलं.

"बाई, ह्या त्याच्याच हातात पडाक व्हया. दुसऱ्या कोणाक नको," त्या म्हणाल्या.

मी शब्द दिला. अनंत माझा विद्यार्थी होता. मी गावच्या शाळेत मराठी शिकवत असे आणि त्याच्या शुद्धलेखनाला लाल शाई पुरत नसे. पण शाळेच्या मोडक्या बाकांना त्याने पाय बसवले ते आजही डुगडुगत नाहीत. बहारीनला तो सुतारकाम करायला गेला होता. गावात त्याच्या घराच्या चिऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, छप्पर तेवढं बाकी होतं.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार, मे महिन्याची सुट्टी. विमानाच्या खिडकीतून पहिल्यांदा दिसला तो समुद्र. आमच्यासारखा काळानिळा नाही, फिकट हिरवा, आणि इतका उथळ की तळाची वाळू वरून दिसावी. विमानाच्या दाराशी आले तर चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उघडल्यासारखी वाफ तोंडावर आली. माझा धाकटा भाऊ दिलीप न्यायला आला होता. तो एका कंपनीत अकाउंटंट होता आणि राजधानी मनामातल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरीही. गाडीत बसल्या बसल्या मी विचारलं, "अनंतची पुरचुंडी कधी पोचवायची?"

त्याने आधी काच वर केली. "ताई, अनंत तुरुंगात आहे."

मग घर येईपर्यंत सगळं ऐकलं. तेव्हा वाळवंटात हमद टाउन हे नवं गाव वसत होतं, रांगांनी घरं उठत होती. तिथे कामावर दोन पिंपं असत, कामगारांचं साधं पाणी आणि साहेबांचं बर्फाचं. एका दुपारी अनंतने बर्फाच्या पिंपातून गडूभर पाणी घेतलं. गोऱ्या सुपरवायझरने त्याला कुली म्हणून शिवी दिली, त्याच्या कातडीवरून आणखी काहीबाही बोलला आणि लोखंडी पहार उगारली. अनंतने हातातली फळी आडवी घातली. फळी सुपरवायझरच्या हातावर बसली आणि हात मोडला. खटला उभा राहिला, तो कामगाराने साहेबाला मारल्याचा. निकाल चार दिवसांवर होता.

"मंडळाने वकील वगैरे काही बघितलं?" मी विचारलं.

"ह्यात आपण पडायचं नाही, ताई. माझा साहेबही गोराच आहे. इथे सगळ्यांना व्हिसा टिकवायचाय."

मला राग आला. तो उतरवायला मी रोज सकाळी पायी हिंडू लागले. दिलीपचं घर नईम भागात होतं. अरुंद गल्ल्या, दारात पाणी शिंपडणाऱ्या बायका, कोपऱ्यावर खुबूसची (तंदुरी भाकरीची) भट्टी. भट्टीवाले आजोबा इथलेच अरब, पण तरुणपणी मुंबईला खजुराच्या गलबतांवर गेलेले, त्यामुळे हिंदी फर्डं. मी रोज चार खुबूस घ्यायची आणि ते रोज विचारायचे, "मुंबई में घोडागाडी अभी है क्या?" गरम खुबूस कागदात गुंडाळून घरी आणताना त्याचा जो वास यायचा तो मला अजून नाकाशी आल्यासारखा वाटतो.

निकालाच्या दिवशी दिलीप म्हणाला, "तू तिथे जाऊ नकोस हां." मी गेले. कोर्टाबाहेर भिंतीच्या सावलीत चाळीसेक कामगार उभे होते. आपले, मलबारी, पठाण, सगळेच. बाई मी एकटीच. समोरच्या बाजूला गाड्यांना टेकून पाच-सहा गोरे उभे होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अनंतच्या खोलीतला हणमंत, साताऱ्याकडचा ड्रायव्हर, तेवढा आत जाऊन बसला होता. तो धावत बाहेर आला.

"सुटलं! बाई, पोरगं सुटलं!"

"काय म्हणाले?"

"जज म्हनलं, त्यानं मार चुकवाया हात उचलला, माराया न्हाई. एवढंच म्हनलं आन् सोडलं बगा."

तो वाचला होता एका अरब ट्रकवाल्यामुळे. पहार आधी उगारली गेली हे त्या माणसाने शपथेवर सांगितलं होतं. कामगारांनी एकच गिल्ला केला. समोरचे गोरे गाडीत बसून निघून गेले. अनंत बाहेर आला तो आधी माझ्या पायाशी वाकला. पुरचुंडी मी त्याच्या हातात ठेवली. तिचा वास घेऊन तो लहान मुलासारखा रडला, आणि मीही रडले.

त्या आठवड्यात निकाल सगळ्या मनामाभर फिरला. भट्टीवाल्या आजोबांनी माझे पैसे घेतले नाहीत. "मफी, मफी (नको, नको). मारेगा तो आदमी क्या करेगा, खडा रहेगा?" म्हणत दोन खुबूस जास्तच घातले. दिलीपच्या ऑफिसात मात्र सकाळचं गुड मॉर्निंग बंद झालं. माझी सात वर्षांची भाची शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "आत्या, केटी सेज आय कान्ट कम टू हर बर्थडे." का, ते केटीने, तिच्या वर्गातल्या गोऱ्या मुलीने, सांगितलं नव्हतं. दिलीपच्या बायकोने, नीताने, त्या वाढदिवसासाठी घेतलेलं खेळणं कपाटात ठेवून दिलं.

शुक्रवारी सुट्टी. मी अनंतच्या लेबर कॅम्पवर जेवायला गेले. पत्र्याच्या खोलीत आठ खाटा आणि मधे स्टोव्ह. अनंतने आईच्या पिठाची पिठी केली, हणमंतने भात घातला आणि हामूर मासा तळला.

"बाई, पिठी जमली मां?"

"शुद्धलेखनापेक्षा बरी," मी म्हटलं आणि खोलीभर हशा झाला.

संध्याकाळी हणमंतने आम्हाला अरादला नेलं. समुद्रकाठी बुटका, मातकट रंगाचा किल्ला आहे. आपल्या सिंधुदुर्गापुढे बाळच, पण पाण्याकडे तोंड करून ऐटीत बसलेला. ओहोटी होती, पोरं गुडघाभर पाण्यात मासे पकडत होती. अनंतने किल्ल्याच्या दाराच्या फळ्यांवरून हात फिरवला, सांधे पाहिले. मग सांगितलं की मॅनेजरने त्याला बोलावलं होतं. मॅनेजर गोराच, पण बोलण्यात सरळ. कोर्टाने सोडलं, माझ्याकडून विषय संपला, म्हणाला. पुढच्या आठवड्यापासून हमद टाउनऐवजी अरादच्या कामावर यायचं, आणि गाजावाजा करायचा नाही.

"आणि दोन वर्सां, बाई. मगे छप्पर घालतंय आणि घराक येतंय. आये म्हातारी झाली."

मी त्या संध्याकाळी फार सुखात होते. ते पाणी, ती पोरं, अनंतचं ते बोलणं, कितीदा आठवतं. तिथेच सगळं थांबलं असतं तर बरं होतं.

घरी आले तर दिलीप उत्साहात. "ताई, मंडळात ठरलं. अनंतचा सत्कार करायचा! शाल, श्रीफळ, मानपत्र."

"आठ दिवसांपूर्वी तर ह्यात पडायचं नव्हतं."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती गं. आता सगळे म्हणतायत, आपला माणूस जिंकला."

मी त्याची आणखी खेचणार होते. एवढ्यात तो म्हणाला, "मानपत्र तूच लिही. इथे तुझ्यासारखं मराठी कुणाला येतंय?" झालं, माझी थट्टा तिथेच आटपली. अरादला ऐकलेलं गाजावाजा न करण्याचं माझ्या डोक्यातून साफ गेलं. खरं सांगायचं तर गेलं नव्हतं, मी ते बाजूला सारलं. आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले, आपलं लिहिलेलं तीनशे माणसांपुढे वाचलं जाणार, हा मोह मोठा होता. मी दोन दिवस बसून लिहिलं. 'गौरवर्णीय उन्मत्तांचा मदभंग करणारा सह्याद्रीचा छावा' अशी सुरुवात आणि पुढे चढत्या भाजणीने दीड पान.

अनंतला सांगितलं तेव्हा तो अवघडला. "बाई, मिया काय केलंय? मार चुकवलंय, इतक्याच. सत्कार नको."

"अरे, तुझा एकट्याचा नाही, आपल्या सगळ्यांचा मान आहे," मी म्हटलं. बाईंपुढे तो काय बोलणार?

सत्कार दणक्यात झाला. इंजिनियर, बँकवाले, त्यांच्या बायका पैठण्या नेसून. मागे सतरंजीवर कॅम्पची माणसं. अनंत उसना कोट घालून खुर्चीच्या टोकावर बसला होता. मी मानपत्र वाचलं, दर वाक्याला टाळ्या पडल्या. टाळ्या वाजत असताना अनंत खाली बघत शालीचं टोक बोटाला गुंडाळत होता. ते मला दिसलं होतं. दिलीपने हौसेने मानपत्राचं इंग्रजी भाषांतर टाइप करून पाहुण्यांत वाटलं.

त्यातला एक कागद तीन दिवसांनी मॅनेजरच्या टेबलावर पोचला.

मॅनेजरने अनंतला बोलावून सांगितलं, व्हिसा रद्द, आठवड्यात निघायचं. हे ऐकून दिलीप स्वतः जाऊन त्याच्या ऑफिसबाहेर तासभर बसला. माझा भाऊ भित्रा आहे, पण त्या दिवशी तो गेला, हे मी विसरणार नाही. मॅनेजर त्याला म्हणाला, कोर्टाने ह्या माणसाला सोडलं ते मी मानलं. पण कोर्टाने जे म्हटलं नाही ते ह्या कागदात आहे. तो मारायला उठला आणि जिंकला, असं इथे तुम्हीच लिहिलंय. आता माझी माणसं त्याच्या शेजारी उभी राहणार नाहीत.

दिलीप घरी येऊन बूट न काढता बसला. "खलास," म्हणाला. मग बूट काढता काढता, "ताई, भाषांतर मी केलं." मूळ मी लिहिलं होतं, ते त्याने म्हटलं नाही.

मी कॅम्पवर गेले. अनंत पेटीत हत्यारं भरत होता, रंधा, पटाशा, एकेक कापडात गुंडाळून. मी म्हटलं, "अनंत, माझ्यामुळे झालं हे."

"असू दे, बाई. तुमी बऱ्यासाठीच केलास." एवढं बोलून तो पुन्हा पटाशी पुसायला लागला. त्याने मला चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं. हणमंत खाटेवर बसून होता, तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मोठ्या मान्सांचा सोहळा झाला न्हवं, बास."

आम्ही एकाच विमानाने परतलो. निघताना भट्टीवाल्या आजोबांनी खुबूसचं पुडकं दिलं आणि मुंबईच्या घोडागाड्यांना सलाम सांगायला सांगितलं. अनंत खिडकीशी बसला होता. खाली तो फिकट हिरवा समुद्र दिसेनासा होईपर्यंत त्याने मान वळवली नाही. मानपत्राची चौकट काचेची, म्हणून त्याने ती मांडीवर धरली होती.

गावी मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले. चिऱ्याच्या भिंती, वर मोकळं आभाळ, आणि कोपऱ्यात झावळ्यांच्या आडोशाला चूल. ते छप्पर पुढे अनंतने गावात मिळेल ते काम करत घातलं, पण त्याला सहा वर्षं लागली आणि त्याखाली झोपायला काकी फार दिवस राहिल्या नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांना लेक आल्याचाच आनंद होता. त्यांनी चौकट उलटीसुलटी करून पाहिली. त्यांना वाचता येत नव्हतं.

"बाई, ह्यात काय लिवलंहा?"

मी चौकट हातात घेतली. छाव्यापाशी आले आणि माझ्याने पुढे वाचवेना. मी म्हटलं, "लिहिलंय, अनंतने मार चुकवायला हात उचलला, मारायला नाही."

काकींनी मान डोलावली. लेकाबद्दल त्यांना ते आधीच ठाऊक होतं. मग काचेवरून बोट फिरवत त्या दीड पानाच्या ओळी पाहत राहिल्या.

"मगे बाई, येवढा सगळा कित्याक लिवल्यानी?"